दोन नॅनोसेकंद कोणी द्यायचे?

वाचकांचे प्रश्न : एम्बेडेड आणि लिनक्स

या वेळच्या टपालात इथरनेटचीच पत्रं जास्त आहेत. शिरोली, कागल, गडहिंग्लज. बोर्ड वेगळे, चिप वेगळ्या, पण सगळे अडलेत एकाच जागी, मॅक आणि फाय यांच्यामधल्या इंटरफेस मोडपाशी. म्हणून हा महिना पूर्ण त्यालाच दिला आहे. पहिलं उत्तर लांबलंय. ते सगळ्यांनी वाचा, कारण पुढच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

या विषयात नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. इथरनेटच्या बोर्डावर दोन कामगार असतात. मॅक बहुतेक वेळा प्रोसेसरच्या आतच असतो. तो फ्रेम बांधतो आणि सोडवतो. फाय ही सहसा वेगळी चिप. केबलवरचे सिग्नल ती सांभाळते. या दोघांनी एकमेकांशी कोणत्या तारांवर, कोणत्या क्लॉकवर बोलायचं ते ठरवतो इंटरफेस मोड. एमआयआयमध्ये दोन्ही दिशांना चार-चार बिट असतात आणि १०० एमबीपीएसला २५ मेगाहर्ट्झचं क्लॉक. आरएमआयआयमध्ये दोन-दोन बिट आणि दोघांना मिळून एकच ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक. गिगाबिटसाठी जीएमआयआय आलं, आठ-आठ बिट आणि १२५ मेगाहर्ट्झ. आरजीएमआयआयनं त्याच १२५ मेगाहर्ट्झच्या दोन्ही कडांवर डेटा पाठवला आणि सगळं काम बारा तारांत बसवलं. फायची रजिस्टरं वाचायला एमडीआयओ ही दोन तारांची स्वतंत्र वाट असते, तिचा या मोडशी संबंध नाही. यू-बूट म्हणजे लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्राम, आणि डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय कसं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी) : मॅडम, आम्ही फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान नोंदवणारी पेटी बनवतो. नवीन बोर्डावर गिगाबिट आहे, मॅक आणि फाय आरजीएमआयआयनं जोडलेत. केबल लावली की लिनक्स ‘लिंक अप, १००० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ दाखवतं, पण पिंग जात नाही. ऑफिसमधल्या जुन्या १०० च्या स्विचला लावलं की व्यवस्थित चालतं. यू-बूटमध्ये एकदा पिंग करून मग लिनक्स चालू केलं तर १००० वरही चालतं! तशी एक पेटी आम्ही देऊनही टाकली. ती भट्टीजवळ दुपारनंतर पॅकेट गाळते. डिव्हाइस ट्रीत आरजीएमआयआयचे चारही मोड टाकून पाहिले, कशानंच फरक पडत नाही. बोर्ड बनवणारा म्हणतो सॉफ्टवेअर बघा, आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो बोर्ड बघा. काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘चारही मोडनं फरक पडत नाही’. ती जपून ठेवा, तिच्याकडे येतेच.

आधी ‘लिंक अप’बद्दल. लिंक जमते ती तुमची फाय आणि समोरचा स्विच यांच्यात, केबलवरून. त्यात मॅकचा काही हात नसतो. फाय आपल्या रजिस्टरात लिंकची नोंद करते, लिनक्स एमडीआयओवरून ती वाचतं आणि छापतं. मॅक आणि फाय यांच्यामधला एकही बिट धड जात नसला तरी ही ओळ छापली जाईल. म्हणून ‘लिंक अप’ बघून ड्रायव्हरला चांगल्या चालीचा दाखला देऊ नका.

आता १०० वर चालतं आणि १००० वर नाही, हे का? आरजीएमआयआयचं क्लॉक १०० ला २५ मेगाहर्ट्झ असतं, म्हणजे एक फेरी ४० नॅनोसेकंदांची. १००० ला १२५ मेगाहर्ट्झ, फेरी ८ नॅनोसेकंदांची, आणि डेटा दोन्ही कडांवर असल्यामुळे प्रत्येक चार बिटांच्या वाट्याला फक्त ४ नॅनोसेकंद येतात. मूळ नियमाप्रमाणे पाठवणारा डेटा आणि क्लॉकची कड एकाच क्षणी बदलतो. घेणाऱ्यानं त्याच क्षणी डेटा वाचला तर तो बदलत असतानाच वाचला जाणार. म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद मागे सरकवायचं, म्हणजे कड बरोबर मधोमध पडते. ४० नॅनोसेकंदांच्या फेरीत या दोनांचं ओझं वाटत नाही, आठांच्या फेरीत तेच सर्व काही असतं.

हे दोन नॅनोसेकंद, म्हणजे डिले, तीन जण देऊ शकतात. बोर्डावरचा ट्रेस (तांब्याची रेघ), मॅक, किंवा फाय. आणि प्रत्येक दिशेला तिघांपैकी एकानंच द्यायचे. कोणीच दिले नाहीत तर कड डेटाच्या बदलावर पडते. दोघांनी दिले तर चार नॅनोसेकंद होतात आणि कड पुढच्या बदलावर पडते. दोन्ही वेळा लक्षण सारखंच दिसतं, त्यामुळे नुसत्या लक्षणावरून निदान करायला जाऊ नका.

डिव्हाइस ट्रीतल्या फाय-मोडची चार नावं याचसाठी आहेत. डिव्हाइस ट्रीत लिहिलेलं ‘आरजीएमआयआय’ म्हणजे डिले बोर्डानं दिला आहे, चिपनं काही घालू नये. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे बोर्डावर डिले नाही, दोन्ही दिशांचा डिले चिपनं द्यावा. लिनक्सची रीत अशी की तो फायनं द्यायचा. ‘आरएक्सआयडी’मध्ये फक्त फायकडून मॅककडे येणाऱ्या क्लॉकला, ‘टीएक्सआयडी’मध्ये फक्त मॅककडून फायकडे जाणाऱ्या क्लॉकला. म्हणजे हा शब्द तुमच्या पीसीबीचं वर्णन आहे. ते वर्णन आहे म्हणूनच ते एकामागून एक बदलत बसून शोधायचं नसतं, बोर्ड बघून लिहायचं असतं.

तर बोर्ड बघा. नेहमीच्या एफआर-४ च्या पीसीबीवर दोन नॅनोसेकंदांसाठी क्लॉकचा ट्रेस डेटाच्या ट्रेसपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर जास्त लांब लागतो. एवढी नागमोडी वळणं नजरेतून सुटत नाहीत. आतल्या थरात असतील तर लेआउटच्या फाइलमध्ये दिसतील. बोर्डवाल्याकडून ती मागून घ्या, हा तुमचा हक्क आहे. वळणं नसतील तर तुमच्या डिव्हाइस ट्रीत ‘आरजीएमआयआय-आयडी’ याशिवाय दुसरं काही असण्याचं कारण नाही. आजकालच्या बहुतेक बोर्डांचं हेच उत्तर असतं.

आता तुमची मोलाची गोष्ट. मोड बदलून काहीच फरक पडत नाही, याचा अर्थ तो मोड फायपर्यंत कोणी पोचवतच नाही. कर्नलच्या सुरुवातीच्या संदेशांत फायची ओळ शोधा. तिथे फायच्या चिपचं नाव असायला हवं. ‘जेनेरिक फाय’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या कर्नलमध्ये त्या फायचा ड्रायव्हर बांधलेलाच नाही. जेनेरिक ड्रायव्हरला फक्त प्रमाणित रजिस्टरं माहीत असतात: लिंक, वेग, डुप्लेक्स. डिलेची रजिस्टरं प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यांना तो हातच लावत नाही. यू-बूटमध्ये मात्र फायचा खरा ड्रायव्हर आहे. तिथे पिंग केलं की तो डिले लिहून ठेवतो आणि लिनक्स आल्यावर तो तसाच राहतो. तुमची तिन्ही लक्षणं इथे एका सूत्रात येतात. मला बाकी कशाचा संशय घ्यावासा वाटत नाही.

कर्नलच्या कॉन्फिगमध्ये त्या फायचा ड्रायव्हर चालू करा. इथरनेट बूटच्या सुरुवातीलाच लागत असेल तर मॉड्यूल न करता कर्नलमध्येच बांधा. मग ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहा आणि यू-बूटमध्ये नेटवर्कला हात न लावता, वीज काढून पुन्हा देऊन तपासा. नुसतं रीबूट पुरेसं नाही, कारण फायचा पुरवठा चालू राहिला तर जुनी रजिस्टरं टिकून राहू शकतात आणि तुमची फसगत होते.

कोणत्या दिशेला बिघाड आहे हे ठरवायला एक लॅपटॉप पुरतो. बोर्ड आणि लॅपटॉप सरळ केबलनं जोडा, बोर्डावरून पिंग सोडा, लॅपटॉपवर टीसीपीडंप हा पॅकेट दाखवणारा प्रोग्राम लावा. बोर्डाची एआरपी विचारणा लॅपटॉपवर दिसलीच नाही आणि लॅपटॉपच्या कार्डावर सीआरसी एरर (बिघडून आलेल्या फ्रेमची मोजणी) वाढत असतील तर पाठवण्याच्या बाजूचा डिले चुकलाय. विचारणा दिसते, लॅपटॉप उत्तरही देतो, पण बोर्डावर इथटूलच्या आकडेवारीत सीआरसी एरर वाढतात, तर येण्याच्या बाजूचा. हे आकडे लिहून ठेवा. तुमच्या दोन माणसांच्या भांडणात त्यांचाच उपयोग होईल.

स्कोप लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. फाय मॅककडे जाणाऱ्या क्लॉकला जो डिले देते तो तिच्या पिनवर मोजता येतो, कारण क्लॉक तिच्यातून सरकूनच बाहेर पडतं. मॅककडून येणाऱ्या क्लॉकला ती जो डिले देते तो मात्र तिच्या पोटात होतो. पिनवर क्लॉक आणि डेटा एकत्रच बदलताना दिसतील आणि तरीही सगळं बरोबर असेल. उद्यमनगरात माझ्या टेबलावर असे बोर्ड येतात ज्यांच्या अहवालात ‘टीएक्सला डिले नाही’ असं स्कोपच्या फोटोसकट लिहिलेलं असतं. फोटो खरा असतो, निष्कर्ष नसतो.

राहिली भट्टीजवळची पेटी. गरम झाल्यावर पॅकेट गळतात म्हणजे कड डेटा स्थिर असण्याच्या खिडकीच्या मधोमध नाही, काठावर आहे. सगळ्याच फाय नेमके दोन नॅनोसेकंद देत नाहीत. केएसझेड ९०३१ ही फाय येण्याच्या बाजूला आपणहून १.२ नॅनोसेकंद देते, बाकीचं पॅडच्या स्क्यू रजिस्टरांतून जुळवावं लागतं. डीपी ८३८६७ मध्ये पाव नॅनोसेकंदाच्या पायऱ्या आहेत, चार नॅनोसेकंदांपर्यंत. तुमच्या फायमध्ये अशी सोय असेल तर डिले कमी करत जा, एरर सुरू होतात ती पायरी लिहा. मग वाढवत जा, दुसऱ्या बाजूला एरर सुरू होतात ती लिहा. आणि मधली घ्या. हे एकदा गार खोलीत करा आणि एकदा पेटी भट्टीच्या तापमानाला नेऊन करा. दोन्ही खिडक्या जिथे एकमेकींवर येतात तिथला मध्य हा तुमचा आकडा. शिरोलीतल्या भट्टीशेजारी मे महिन्यात उभी राहणारी पेटी टेबलावरच्या पिंगवर पास करू नका.

आणि ‘आज चालतंय ना’ एवढ्यावर थांबू नका. २०१९ साली लिनक्स ५.१ मध्ये एआर ८०३१ या फायच्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती झाली. त्या चिपमध्ये रीसेटनंतर येण्याच्या बाजूचा डिले आपोआप चालू असतो. जुना ड्रायव्हर तो बंद करत नसे, त्यामुळे डिव्हाइस ट्रीत अपुरा मोड लिहिलेले बोर्डही चालून जायचे. ड्रायव्हर लिहिल्याप्रमाणे वागू लागला, न मागितलेला डिले बंद करू लागला, आणि त्या बोर्डांचं नेटवर्क बंद पडलं. उपाय एका शब्दाचा होता, ‘आयडी’ लिहिणं. पण गिऱ्हाइकाकडे गेलेल्या पेट्यांवर कर्नल बदलल्यावर हा एक शब्द किती महाग पडतो, ते गावोगावी जाऊन पेट्या उघडणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न (कागल, पंचतारांकित एमआयडीसी) : ताई, आमच्या एफपीजीएमधल्या (आतलं सर्किट आपणच रचतो त्या चिपमधल्या) मॅकसाठी मी स्वतः ड्रायव्हर सांभाळतो. ४.१९ वरून नव्या कर्नलवर नेताना ‘ऑफ_गेट_फाय_मोड’ला आर्ग्युमेंट कमी पडतात म्हणून कंपाइल होत नाही. दुसरं, डिव्हाइस ट्रीत मोड नसेल तर मी एमआयआय धरतो. ते बरोबर आहे ना?

उत्तर : पहिलं सोपं आहे. लिनक्स ५.५ पासून हे फंक्शन मोड एका पॉइंटरमधून देतं आणि परत देतं फक्त एरर. आधी दोन्ही एकाच पूर्णांकातून यायचं. ड्रायव्हर तो आकडा मोडच्या एनमच्या चलात ठेवायचे. ते चल बऱ्याचदा अनसाइन्ड असतं, मग ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही तपासणी कधी खरी होतच नाही आणि एरर मोड बनून पुढे जातो. तुझा जुना कोड बघ, तिथे हीच तपासणी असेल. नुसता पॉइंटर घालून कंपाइल करून सोडून देऊ नकोस. परत आलेली एरर खरोखर वर दे.

दुसऱ्यावर मात्र माझं ठाम मत आहे. मोड सापडला नाही तर प्रोब, म्हणजे ड्रायव्हरची सुरुवातीची जुळणी, तिथेच थांबव. एमआयआय धरून पुढे गेलास तर डिव्हाइस ट्रीतली स्पेलिंगची चूकही चालून जाईल. कर्नल त्या शब्दाची तुलना आपल्या यादीतल्या नावांशी करतो. ‘आरजीएमआयआय’ आणि ‘आयडी’ यांच्यातली आडवी रेघ राहिली तरी तो शब्द यादीत नसतो. मग तुझा ड्रायव्हर निमूटपणे एमआयआय लावणार आणि कोणीतरी दोन दिवस केबल बदलत बसणार. त्यापेक्षा एक स्पष्ट ओळ छाप, कोणता मोड मिळाला आणि कोणते चालतात, आणि एरर परत कर. जुने बोर्ड मोडाशिवाय बाजारात गेले असतील आणि सवलत द्यावीच लागत असेल, तर ती निदान धोक्याच्या संदेशासह दे.

तू कोडचा तुकडाही पाठवलास, त्यात आणखी एक दिसलं. मोडच्या स्विचमध्ये आरजीएमआयआयची एकच केस आहे. ‘आरजीएमआयआय-आयडी’ आला की तो डिफॉल्टमध्ये पडतो आणि तुझं मॅकचं मोड रजिस्टर जीएमआयआयवरच राहतं. मॅकच्या दृष्टीनं चारही एकच आहेत, तारा त्याच. चारही केसेस लिही, किंवा कर्नलमध्ये ‘फाय_इंटरफेस_मोड_इज_आरजीएमआयआय’ ही तपासणी तयार आहे ती वापर.

मॅक स्वतः डिले देणार असेल तर हिशेब ड्रायव्हरनं ठेवायचा. समज तुझ्या एफपीजीएमध्ये पाठवण्याचं क्लॉक आधीच ९० अंशांनी सरकवलेलं आहे. १२५ मेगाहर्ट्झला ९० अंश म्हणजे नेमके दोन नॅनोसेकंद. बोर्डावर डिले नाही, म्हणून डिव्हाइस ट्रीत ‘आरजीएमआयआय-आयडी’च राहील. पण फायला जोडताना तू तिला ‘आरएक्सआयडी’ द्यायचा, कारण टीएक्सचा वाटा तू उचललास. डिव्हाइस ट्रीतला शब्द जसाच्या तसा फायकडे सरकवलास तर दोघंही दोन-दोन देणार. काही चिपमध्ये मॅकचा हा डिले बंदच करता येत नाही, तिथे तर फायला द्यायच्या शब्दातून तो वाटा वगळणं सक्तीचं आहे. डिले कुठून येतो ते प्रोबजवळ कमेंटमध्ये लिही. तुझ्यानंतर हा ड्रायव्हर ज्याच्या हातात जाईल त्याच्याकडे एफपीजीएचा सोर्स असेलच असं नाही.

फायलिंकवर, म्हणजे मॅक आणि फायची सांगड घालणाऱ्या कर्नलच्या चौकटीवर, जायचं का, असंही विचारलंस. नवीन लिहीत असशील तर हो. त्यात आपण कोणते इंटरफेस पेलतो त्यांचा नकाशा सुरुवातीलाच भरून द्यायचा असतो, न पेलणारा मोड फायलिंक स्वतःच नाकारतं. वेग बदलल्यावरची कामं, म्हणजे १०० ला २५ आणि १० ला २.५ मेगाहर्ट्झ क्लॉक लावणं, ‘मॅक_लिंक_अप’मध्ये ठेव. वेगावर अवलंबून असलेलं काही ‘मॅक_कॉन्फिग’मध्ये घालू नकोस.

प्रश्न (कोल्हापूर, अभियांत्रिकी तृतीय वर्ष) : ताई, प्रोजेक्टसाठी एसटीएम ३२ एफ ४०७ ला लॅन ८७२० चं मॉड्यूल आरएमआयआयनं जोडलंय. लिनक्स नाही, ड्रायव्हर मीच लिहितेय. डीएमएचा (मॅक आणि मेमरी यांच्यात डेटा हलवणाऱ्या भागाचा) सॉफ्टवेअर रीसेटचा बिट एक केला की तो परत शून्य होतच नाही, प्रोग्राम तिथंच फिरत राहतो. मॉड्यूल बदलून पण बघितलं.

उत्तर : मॉड्यूल बदलून हे सुटणार नाही, ५० मेगाहर्ट्झ शोध. हा रीसेट नुसत्या प्रोसेसरच्या क्लॉकवर पूर्ण होत नाही. मॅकच्या पाठवण्याच्या आणि घेण्याच्या बाजूंनाही क्लॉक लागतं, आणि आरएमआयआयमध्ये ते दोन्ही त्या एकाच ५० मेगाहर्ट्झमधून तयार होतं. तो बिट अडकून राहणं हे मॅकचं सांगणं आहे की मला क्लॉक मिळत नाही. मोठ्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये याच घराण्यातला मॅक असला की ‘फेल्ड टू रीसेट द डीएमए’ अशी ओळ दिसते. दुखणं तेच.

एफ ४०७ वर हे क्लॉक पीए१ पिनवर यायला हवं. स्कोप नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून माग, अंदाजानं काम करू नकोस. पिनवर काहीच नसेल तर मॉड्यूलकडे बघ: लॅन ८७२० दोन तऱ्हांनी चालते. एकीत बाहेरचा ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर फाय आणि मॅक दोघांना क्लॉक देतो. दुसरीत फायला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि ५० ती स्वतः बाहेर देते. कोणती तऱ्हा ते रीसेटच्या क्षणी एका स्ट्रॅप पिनच्या पातळीवरून ठरतं, म्हणजे एका रेझिस्टरवरून. पुढे दुसरी चिप घेशील तेव्हाही हाच प्रश्न आधी विचार. केएसझेड ८०८१ मध्ये तर ‘आरएनए’ आणि ‘आरएनबी’ या शेवटच्या एका अक्षरावर ठरतं की मुळात २५ चा क्रिस्टल लागणार की बाहेरून ५० द्यायचे.

पिनवर ५० मेगाहर्ट्झ आहे आणि तरी रीसेट संपत नाही, तर क्रम तपास. मॅक एमआयआयवर चालेल की आरएमआयआयवर ते एसवायएससीएफजीच्या पीएमसी रजिस्टरमधला बिट २३ ठरवतो. रेफरन्स मॅन्युअल स्पष्ट सांगतं की मॅक रीसेटमध्ये असताना आणि त्याची क्लॉक चालू करण्याआधी तो लिहायचा. आणि एसवायएससीएफजीचं स्वतःचं क्लॉक त्याही आधी चालू हवं. ते चालू नसेल तर तुझं लिहिणं वाया जातं, एररही येत नाही. लिहून झाल्यावर ते रजिस्टर परत वाच. बिट शून्यच दिसला तर मॅक अजून एमआयआयची वाट बघतोय, आणि त्याच्या २५ मेगाहर्ट्झच्या दोन तारा तुझ्या बोर्डावर नाहीतच.

एमडीआयओवरून फायचा आयडी बरोबर वाचला जातोय असंही लिहिलंस. छान, पण त्यावरून डेटाच्या तारांबद्दल काही कळत नाही. झालं की कळव.

प्रश्न (गडहिंग्लज तालुका) : साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही कंट्रोलर देतो. काट्यापासून ऑफिस १०० मीटरपेक्षा लांब, म्हणून एसएफपी (खोचायचं इथरनेट मॉड्यूल) टाकून फायबर ओढलंय. तांब्याचं एसएफपी लावलं की लिंक येते, फायबरचं लावलं की येत नाही. ड्रायव्हरमध्ये एसजीएमआयआय पक्कं केलंय. एसजीएमआयआय आणि १०००बेस-एक्स एकच असं ऐकलंय, मग असं का? हंगाम तोंडावर आलाय.

उत्तर : ऐकलंय ते अर्धं खरं आहे. दोन्हींत प्रत्येक दिशेला तारांची एक जोडी, १.२५ गिगाबॉडचा वेग, आणि ८ बिटांचे १० बिट करण्याची तीच पद्धत. फरक आहे तो लिंक जमताना पाठवल्या जाणाऱ्या १६ बिटांच्या शब्दात. १०००बेस-एक्समध्ये दोन टोकं बरोबरीच्या नात्यानं आपापली क्षमता सांगतात: डुप्लेक्स, पॉज. एसजीएमआयआयमध्ये तो शब्द फाय मॅकला देते, ‘केबलवर अमुक वेग ठरलाय’ असा हुकूम असतो तो. वेग १०० असेल तर प्रत्येक बाइट दहादा, १० असेल तर शंभरदा पाठवली जाते. दोघांचे टायमरही वेगळे, एसजीएमआयआयचा १.६ मिलिसेकंद आणि १०००बेस-एक्सचा १०.

तांब्याच्या गिगाबिट एसएफपीत आत फाय असते, ती बहुधा एसजीएमआयआय बोलते, म्हणून तुमची लिंक आली. फायबरच्या एसएफपीत फाय नसतेच. तुमचा मॅक सरळ पलीकडच्या स्विचशी बोलतो आणि तो स्विच बोलतोय १०००बेस-एक्स. तो आपली क्षमता सांगतोय, तुमचा मॅक त्या शब्दात वेगाचा हुकूम शोधतोय.

काही जण यावर ऑटोनिगोशिएशन, म्हणजे ही शब्दांची देवाणघेवाणच, बंद करतात. १००० ला डेटाची पद्धत एकच असल्यामुळे ते चालूनही जातं. मी तो रस्ता सुचवणार नाही. फायबरची एकच दोरी तुटली तर एका टोकाला लिंक आहे आणि दुसऱ्याला नाही अशी अवस्था राहते, आणि काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना ती कोणाच्या लक्षात येणार?

ड्रायव्हर फायलिंकवर असेल तर काम थोडं आहे. पेलणाऱ्या इंटरफेसच्या यादीत एसजीएमआयआय आणि १०००बेस-एक्स दोन्ही भरा, डिव्हाइस ट्रीत एसएफपीचा नोड जोडा आणि ‘मॅनेज्ड’ला ‘इन-बँड-स्टेटस’ द्या. मॉड्यूल खोचलं की कर्नल त्याचा ईईप्रॉम (माहिती साठवलेली छोटी मेमरी) वाचतो, ते तांब्याचं की फायबरचं ते ओळखतो आणि योग्य मोड ड्रायव्हरला कळवतो. तुमच्याकडून पीसीएसच्या (मॅकच्या सिरीयल भागाच्या) कॉन्फिगमध्ये त्या मोडप्रमाणे रजिस्टर बदलायला हवं; पक्कं केलेलं एसजीएमआयआय तिथून काढा. ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा असेल आणि हंगामाआधी एवढं बदलणं जमणार नसेल, तर या काट्यांपुरतं डिव्हाइस ट्रीत ‘१०००बेस-एक्स’ लिहा, ऑटोनिगोशिएशन चालू ठेवा आणि मॅकच्या सिरीयल भागाचं रजिस्टर त्याप्रमाणे लावा. मग तांब्याचं एसएफपी त्या पेटीत चालणार नाही, तसं पेटीच्या झाकणावर मराठीत छापून चिकटवा, कारण रात्रपाळीला मॉड्यूल बदलणारा माणूस डिव्हाइस ट्री उघडून बघणार नाही.